सरासरीत न बसणारं गाव : मराठवाड्यातली गावपातळीची बातमीदारी

मांजराकाठ (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

मांजरा नदीच्या पट्ट्यातल्या चौदा गावांच्या बातम्या मी सहा वर्षांपासून मोबाइलवरून देतोय. व्हॉट्सॲपचे गट आणि एक यूट्यूब चॅनल, एवढाच पसारा. त्याआधी अकरा वर्षं एका जिल्हा दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहितो.

आधी एक प्रसंग. एका खरिपात ऑगस्टच्या शेवटी रात्रभर पाऊस कोसळला. पहाटे फोन आला, "दादा, वढ्याचं पाणी सोयाबीनीत घुसलंय, गुडघ्याएवढं उभंय, तुम्ही याच." गेलो. शेंगा भरायला आलेलं रान पाण्याखाली होतं, बांध कुठला न् सरी कुठली ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात जिल्ह्याचा सरासरी पाऊस आला, तो अगदी किरकोळ. अतिवृष्टीच्या यादीत आमचं मंडळ नव्हतंच.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरतात. पंचनाम्याची चक्रं त्या आकड्यावर फिरतात, आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर दिसलं तर मदत. मंडळात गावं बरीच आणि पाऊस मोजायचं यंत्र मात्र एका जागी. तिथं जो आकडा पडला तोच सगळ्या गावांच्या कपाळी.

मी यंत्र बघायला गेलो. कुंपणाची तार एका बाजूने लोळत होती. बाभळीची फांदी वाकून थेट यंत्रावर आली होती. नरसाळ्यात पाला कुजलेला, त्यावर पाखराने आणून टाकलेल्या काड्या आणि त्यांच्यावर पाणी तुंबून राहिलेलं. म्हणजे पडलेला पाऊस आत उतरलाच नव्हता. हात न लावता दीड मिनिटाचा व्हिडिओ घेतला, तारीख-वेळ तोंडाने बोललो. घरी येऊन आधी संबंधित साहेबांना फोन लावला, त्यांचं म्हणणं घेतलं, मग दोन्ही एकत्र टाकलं. तिसऱ्या दिवशी नरसाळं साफ झालं. आठवड्याभरात पंचनाम्याला माणसं बांधावर आली.

ही बातमी मुंबईला कामाची नाही. जिल्ह्याच्या पेपरातही तिला फार तर दोन ओळी मिळाल्या असत्या. पण त्या शिवारातल्या माणसांचा अख्खा हंगाम त्या नरसाळ्यात अडकला होता.

पेपरात असताना मला अशा बातम्या दिसत नव्हत्या असं नाही. दिसायच्या, पाठवायचो, लागायच्या नाहीत. डेस्कवरून विचारायचे, "मोठं काय आहे?" आणि महिन्याच्या शेवटी दुसरा प्रश्न यायचा, जाहिरातीचा. पगार नाही, मानधन नावापुरतं, कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या शुभेच्छा जाहिराती गोळा करत ज्या सरपंचाच्या, ज्या गुत्तेदाराच्या (ठेकेदाराच्या) दारात उभं राहायचं, त्याच्याच पुलाला भेग पडली हे कसं लिहायचं? मी लिहीत नव्हतो. हे आज उघड सांगतो, कारण तिथूनच मी बाहेर पडलो.

२०१६ ला डेटा स्वस्त झाला आणि गावातल्या पोराच्या हातातही कॅमेरा आला. आता तालुक्याला एक-दोन नाहीत, मोजता येणार नाहीत इतकी चॅनलं आहेत. त्यात चांगलं काम करणारी पोरं आहेत आणि नुसतं बूम (चॅनलचा माइक) दाखवून पैसे काढणारेही आहेत.

तर तुमच्याकडं बातमी कोण देतं? तुम्ही त्याच्यावर विश्वास का ठेवता? आणि त्याचं घर कशावर चालतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं खरं द्या, कारण माझ्या मते सगळी गाठ तिथंच आहे.

---

मोंढ्यातला मुनीम | रविवार, रात्री १०:०२

लातूरहून लिहितो. आमच्या मोंढ्यात सौदा निघाला की दहा मिनिटांत सोयाबीनचा भाव शंभर गटांवर गेलेला असतो. पूर्वी शेतकरी दुसऱ्या दिवशीच्या पेपरची वाट बघायचा, नाहीतर आडतीवर फोन करायचा. हा फरक लहान नाही.

पण भाव सांगणं हीसुद्धा बातमीदारीच आहे, आणि ती नीट केली नाही तर माणूस बुडतो. एका गटाने जास्तीत जास्त दर तोच 'आजचा भाव' म्हणून टाकला. तो बघून लांबून टेम्पो करून माणसं आली. त्यांच्या मालात ओलावा जास्त होता, दर खाली पडला, टेम्पोचं भाडं अंगावर पडलं. एक म्हातारा पोत्यावर बसून मोबाइल पुढं करत होता, "ह्यात तर हे लिहिलंय की." त्याला काय सांगणार? आता एक पोरगा किमान, कमाल, सर्वसाधारण असे तिन्ही दर, आवक आणि ओलाव्याचा अंदाज रोज टाकतो. एका दिवशी चुकला तर दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर "काल माझं चुकलं, खरा दर हा" असं लिहितो. लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात ते ह्या ओळीमुळं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. दोन वर्षांमागं दिवाळीच्या तोंडावर एक जण बूम घेऊन दुकानात आला. "काट्याची बातमी लावू का शुभेच्छा जाहिरात देता?" आमचा काटा चोख होता. तरी मालकांनी जाहिरात दिली, कारण खोटी बातमी पसरायला पाच मिनिटं लागतात आणि पुसायला वर्ष. ते पैसे मीच त्याच्या हातात मोजून दिले. त्याची सल अजून आहे.

---

बातमीचं पाकीट | रविवार, रात्री ११:२५

मी १९८० नंतरच्या पिढीतला वार्ताहर, आता निवृत्त. आमच्या वेळी बातमी कागदावर लिहून पाकिटात घालायची, वर लाल शाईने 'तातडीचे वृत्त' लिहायचं आणि औरंगाबादच्या शेवटच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. तिकडं स्टँडवर पेपरचा माणूस पाकिटं गोळा करायला यायचा. बस फेल झाली की बातमी फेल.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे ३:५६ ला जमीन हलली. त्या सकाळी किल्लारी, सास्तूर ही नावं जगाला कळायच्या आधी आसपासच्या वार्ताहरांना कळली होती, पण त्यांच्याकडं बातमी पुढं पाठवायला काहीच नव्हतं. फोन बंद. मी मोटारसायकलवर निघालो होतो. रस्त्यात उलट्या दिशेने येणारी माणसं काही बोलतच नव्हती, नुसती बघायची. नंतर मोठमोठे पत्रकार आले, त्यांनी चांगलं काम केलं, कॅमेरे आले आणि महिन्या-दीड महिन्यात गेलेही. पुढं वर्षानुवर्षं कुणाला घर मिळालं, कुणाचं नाव यादीतून सुटलं, नवं गाव जुन्या शेतापासून किती लांब गेलं, हे लिहीत राहिली ती लातूर-उस्मानाबादची छोटी पत्रं. अशा गावपातळीच्या बातमीला आता हायपरलोकल म्हणतात, तेव्हा हा शब्द आम्ही ऐकलाही नव्हता.

या भागाला ही परंपरा आहे. निजामाच्या राजवटीत आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' काढला. बंदी आली की नाव बदलून तेच पत्र पुन्हा निघायचं. पुढं अनंत भालेरावांनी त्याच पत्रातून या भागाचं दुखणं मांडलं. नांदेडचा 'प्रजावाणी', लातूरचा 'एकमत', बीडचा 'झुंजार नेता' यांनी जिल्ह्याला स्वतःचा आवाज दिला. १९८२ ला 'लोकमत' औरंगाबादेत आला आणि गावोगाव वार्ताहर नेमायची चढाओढ लागली. मोबाइलवरची पोरं आकाशातून पडलेली नाहीत. ती याच घराण्यातली आहेत, हे त्यांनाही कुणीतरी सांगावं.

एक गोष्ट मात्र आमच्याकडं होती, ती त्यांच्याकडं नाही. माझी बातमी छापण्याआधी एक म्हातारा उपसंपादक वाचायचा आणि लाल पेनाने विचारायचा, "हे कोणी सांगितलं? दुसऱ्या बाजूला विचारलंस का?" मांजराकाठ, तुमचं कोण वाचतं हो, टाकायच्या आधी?

---

मांजराकाठ | रविवार, रात्री ११:५०

काका, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला. माझी बायको वाचते. ती अंगणवाडीत आहे, चौदाही गावांतली घरं तिला माहीत. मी एकदा एका मुलीबद्दलची बातमी लिहिली होती. नाव नव्हतं, नुसती वाडी आणि इयत्ता. ती म्हणाली, "त्या वाडीत आठवीत एकच पोरगी आहे." मी सगळी बातमी पुसली.

---

तालुका कोर्ट | सोमवार, सकाळी ८:१५

मी वकील आहे, वरच्या मुद्द्यावर थांबलोच. वहिनींनी कायदाच सांगितला आहे. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम २३ मध्ये मुलाचं नाव तर नाहीच, पण पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजारपाजार, ओळख पटेल असं काहीही देता येत नाही. सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. मुंबईत 'एका शाळेतली विद्यार्थिनी' म्हटलं तर कुणाला कळत नाही. दोनशे उंबऱ्यांच्या गावात तेवढ्यावर घर सापडतं. म्हणून गावाच्या बातमीदाराला शहरातल्यापेक्षा जास्त झाकावं लागतं. हे मी पोरांना शिबिरात सांगतो तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदाच कळतं.

"आमचं चॅनल नोंदणीकृत आहे" असं सांगून जे दमदाटी करतात त्यांच्याविषयीही थोडं. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी वृत्तपत्र नोंदणीचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. तो छापील नियतकालिकांसाठी आहे. यूट्यूब चॅनलला त्याखाली वृत्तपत्रासारखा नोंदणी क्रमांक मिळत नाही. डिजिटल बातम्यांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागतात. त्यात तक्रार ऐकणारा माणूस नेमायचा आणि पंधरा दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा, असं आहे. गळ्यातल्या ओळखपत्राने कुणाच्या दुकानात शिरायचा हक्क मिळत नाही. मुनीमजी, पुढच्या वेळी ती मागणी रेकॉर्ड करा आणि पोलिसांत या. तो खंडणीचा गुन्हा आहे.

आणि खरं काम करणाऱ्यांसाठी: २०१७ ला महाराष्ट्राने पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा केला. कायदा असूनही फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला शशिकांत वारिशे गाडीखाली चिरडले गेले. ते स्थानिक पत्रकार होते आणि त्यांनी स्थानिक माणसाविरुद्ध बातमी लिहिली होती. दिल्लीच्या पत्रकाराला मंत्री रोज भेटत नाही. गावच्या पत्रकाराला ज्याच्याविरुद्ध लिहिलं तो संध्याकाळी चहाच्या टपरीवर भेटतो.

---

स्पष्ट बोलतो | सोमवार, सकाळी १०:४०

सगळं पटतंय, पण एक अवघड गोष्ट कुणी बोलत नाही. गावातला बातमीदार कुणाचातरी पुतण्या असतो, कुणाच्यातरी जातीचा असतो, कुणाच्यातरी पार्टीचा असतो. आमच्याकडं तीन चॅनलं आहेत आणि तिन्हींचे मालक कोणत्या गटाचे हे शेंबडं पोर सांगेल. निवडणूक आली की एकाच सभेची गर्दी एकाला हजाराची दिसते, दुसऱ्याला शंभराची. जवळून बघतो म्हणून खरं बघतो, असं होत नाही. कधी कधी जवळ असल्यामुळंच डोळे झाकले जातात.

---

मांजराकाठ | सोमवार, दुपारी १:३०

भाऊ, तुमचं खरं आहे आणि त्याला माझ्याकडं सोपं उत्तर नाही. घडलं ते सांगतो.

आमच्या गावच्या सिमेंट रस्त्याचं काम माझ्या चुलत भावाकडं होतं. पहिल्याच पावसाळ्यात खडी वर आली. ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर कोणत्या कामावर किती खर्च दाखवलाय ते कुणालाही बघता येतं, लॉगिन लागत नाही. मी बघितलं. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली, ती महिन्याने मिळाली. टेप घेऊन दोन माणसांसमोर रस्ता मोजला. पुस्तिकेतली जाडी जागेवर नव्हती. भावाकडं गेलो, म्हटलं, तुझं म्हणणं दे. तो म्हणाला, "घरचा म्हणून तरी सोड." मी बातमी दिली, आणि पहिल्याच ओळीत लिहिलं की ठेकेदार माझा चुलत भाऊ आहे.

रस्त्याचा तेवढा तुकडा परत झाला. त्या वर्षी लक्ष्म्यांच्या जेवणाला काकूंनी आमच्या घरी निरोप पाठवला नाही. अजूनही येणं-जाणं पहिल्यासारखं नाही. मला वाईट वाटतं. पण नातं न लपवता सांगणं, यापलीकडं दुसरा मार्ग मला दिसत नाही. गावात नातं कुणाचं नाही?

---

कोयत्याची लेक | सोमवार, रात्री ८:५५

मी बीड जिल्ह्यातली. आई-वडील ऊसतोडीला जायचे, मी सातवीपर्यंत फडावर आणि वस्तीशाळेवर वाढले. आता नर्स आहे.

तुम्ही सगळे यंत्राचं, भावाचं, रस्त्याचं बोलताय. गरजेचंच आहे. पण २०१९ ला जे बाहेर आलं ते आठवा. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं ऑपरेशन झालेलं निघालं. तेव्हा देशभराचे पत्रकार आले. माझा प्रश्न हा की इतकी वर्षं आमच्या गावात बातमीदार नव्हते का? होते. माझ्या आईच्या वयाच्या बाया ओट्यावर बसून आपसात बोलायच्या, "तुझी काढली का? माझी काढली." खाडा केला तर मुकादम पैसे कापतो, पाळीत ऊस तोडवत नाही, डॉक्टर म्हणतो काढून टाका. सगळ्या गावाला माहीत होतं. कुणाला ती बातमी वाटली नाही, कारण बातमी देणारा प्रत्येक जण बापय होता आणि ओट्यावर त्याला कुणी ते सांगणार नव्हतं.

उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ पासून बायांनी चालवलेलं 'खबर लहरिया' आहे. आधी छापायच्या, आता मोबाइलवर करतात. आपले पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ ला सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर मराठवाड्यातल्या बायांच्या गोष्टी मराठीतून वाचायला मिळतात. पण रोजची बातमी, आज आमच्या वस्तीत काय झालं ही, ती आमच्यातल्या बाईने द्यायला पाहिजे. मांजराकाठ दादा, तुमच्या गटांत बाया किती आहेत?

---

सीनाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

ताईंचं वाचून गप्प झालो. माझा अनुभव वेगळा आहे, पण लिहितो.

सप्टेंबर २०२५. आमच्या परंडा भागात सीनेला जे पाणी आलं ते म्हाताऱ्यांनीही बघितलं नव्हतं. लोकांना काढायला हेलिकॉप्टर आलं. त्या रात्री वीज नव्हती, मोबाइल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करत होतो. आणि गटावर आलं, "धरण फुटलं, पळा." कुणी पाठवलं माहीत नाही. वस्तीवर रडारड सुरू झाली, लोक अंधारात लेकरं घेऊन निघाले. ते ज्या वाटेने निघाले त्याच वाटेवर पुलावरून पाणी वाहत होतं.

आमच्या गावचा एक पोरगा बातम्या टाकतो. त्याने त्या रात्री ओळखीच्या पाटबंधाऱ्याच्या कर्मचाऱ्याला फोन लावला आणि त्याचाच आवाज रेकॉर्ड करून सगळ्या गटांवर टाकला: धरण सुरक्षित आहे, दरवाजे उघडलेत, विसर्ग इतका आहे, पाणी तुमच्याकडं अमुक वाजता पोचेल, पुलाकडं जाऊ नका, शाळेकडं जा. आवाज ओळखीचा होता, म्हणून लोक परत फिरले. नंतर दर तासाला विसर्गाचा आकडा टाकत तो पहाटेपर्यंत जागा होता.

अफवेने काय होतं ते १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आपण बघितलंय. पोरं पळवणारे समजून पाच निरपराध माणसं मारली. तिथंही फोनच होते. त्या फोनवर खरं सांगणारा एक ओळखीचा आवाज वेळेत पोचला असता तर, असं मला सारखं वाटत राहतं.

---

चाकणचा परभणीकर | सोमवार, रात्री १०:२०

मी कंपनीत कामाला, गाव पूर्णेकाठी. आई-वडील गावी. डीपी जळाला, नळाला पाणी आलं नाही, कुणाच्या दारात मयत झाली, हे मला आईच्या आधी गटावरून कळतं. मयतीची बातमी वेळेत कळली म्हणून दोनदा मातीला पोचलो.

पैशाचं विचारलंत. आमच्या गावातले साठ-सत्तर जण पुण्याच्या बाजूला आहेत. महिन्याला पन्नास रुपये द्यायला कुणी मागं हटणार नाही, पण आजवर कुणी मागितलेच नाहीत. तुम्ही मागता का?

---

मांजराकाठ | मंगळवार, सकाळी ७:०५

मागतो. लाज सोडून मागायला दोन वर्षं लागली. माझा हिशेब असा: घरटी महिन्याला तीस रुपये, तेही मनात असेल त्याने. साधारण एकशे ऐंशी घरं नेमाने देतात. दुकानांच्या जाहिराती घेतो, पण सरपंच, सदस्य आणि गुत्तेदार यांच्या घेत नाही, वाढदिवसाच्याही नाही. दर तीन महिन्यांनी जमा-खर्च गटावर टाकतो. एवढ्यावर घर चालत नाही, दोन एकर शेती आणि बायकोचं मानधन आहे म्हणून चालतं. पण तीस रुपये देणारी आजी फोन करून विचारते, "रस्त्याचं काय झालं रं? परत लिही की." पेपरात अकरा वर्षं होतो, मला असं कुणी विचारलं नव्हतं.

परभणीकर भाऊ, तुमच्या गावच्या पोराला आजच फोन करा. आधी साठ जणांची नावं लिहून द्या, पैशाचं नंतर.

आणि ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर काल रात्री मोजलं. सगळ्या गटांत मिळून अकराशेच्या वर नंबर आहेत, त्यात बायांचे सत्याहत्तर. पुष्कळ घरांत फोन एकच, आणि तो बापयाच्या खिशात. मी हे सहा वर्षांत मोजलंच नव्हतं.

बायकोशी बोललो. अंगणवाडीत महिन्याच्या बैठकीला बाया येतात. तिथं तिने विचारायचं, ज्यांना सांगायचं त्यांनी सांगायचं, नाव द्यायचं नाही, टाकायच्या आधी त्यांनाच ऐकवायचं, असं ठरलंय. तुम्हाला नर्स म्हणून यातलं जास्त कळतं. पहिल्या बैठकीला याल का?

---

कोयत्याची लेक | मंगळवार, दुपारी २:३०

येते. पण बैठक दिवाळीच्या आधी ठेवा. त्यानंतर अर्ध्या बाया गाडीत बसून कारखान्याला गेलेल्या असतील.

---

मांजराकाठ | मंगळवार, दुपारी २:४१

पुढच्या गुरुवारी, अकरा वाजता. फाट्यावर उतरा, न्यायला येतो.